चौसष्टच्या आधीची रायफल : शिकारी बंदुकांच्या बाजारात हाताचं काम कुठे गेलं?

टूलरूममध्ये, म्हणजे कारखान्यात साचे आणि अवजारं घडवतात तिथे, काम केलेल्या माणसाला निळ्या रंगाचं महत्त्व सांगावं लागत नाही. साच्याचे दोन भाग एकमेकांवर नीट बसतात का ते पाहायचं, तर एका भागावर ब्ल्यूचा पातळ हात मारायचा, दुसरा त्यावर टेकवायचा आणि उचलायचा. जिथे निळा डाग उमटला तिथे धातू उंच आहे. तेवढाच घासायचा. पुन्हा ब्ल्यू, पुन्हा टेकवणं, पुन्हा घासणं. माझी नोकरीतली बरीच वर्षं यात गेली. म्हणून बंदुका घडवणारे कारागीर हेच काम दिव्याच्या काजळीने करतात हे पहिल्यांदा वाचलं, तेव्हा कधीही न पाहिलेल्या त्या माणसांशी एकदम नातं जुळल्यासारखं झालं.

त्यांची रीत अशी. अक्रोडाच्या लाकडात पोलादी यंत्र बसवायचं असतं. पोलादाला काजळी फासतात, लाकडात कोरलेल्या खोबणीत ते हलकेच दाबतात आणि उचलतात. लाकडावर काळा ठिपका दिसला की तेवढाच कागदाएवढा पापुद्रा छिन्नीने किंवा खरवडणीने काढायचा. हे एका रायफलीसाठी शेकडो वेळा. काम संपतं तेव्हा लाकूड आणि पोलाद यांच्यामध्ये फट नसते, नुसती रेघ असते.

मी शिकारी नाही. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीचा काळ संपवला आणि ते योग्यच झालं. पण अमेरिका, युरोपातले बरेच देश, दक्षिण आफ्रिका इथे हरणांची शिकार परवाने आणि हंगाम ठरवून चालते, आणि त्यासाठी दरवर्षी मोठ्या संख्येने रायफली विकल्या जातात. या बाजारात गेल्या साठ-सत्तर वर्षांत जे घडलं, ते यंत्रावर किंवा हातावर पोट असलेल्या कोणालाही समजून घ्यावंसं वाटेल असं आहे. नेम आणि कारागिरी या दोन गोष्टी पूर्वी एकाच किमतीत, एकाच वस्तूत मिळत. नेम हवा असेल तर कसबी हाताचे पैसे मोजावेच लागत. मग यंत्रांनी नेम स्वस्त करून टाकला आणि प्रश्न उभा राहिला : आता हाताच्या कामाचे पैसे कोणी, कशासाठी द्यायचे?

आधी रायफलीची रचना थोडक्यात. तिचे तीन मुख्य भाग. एक नळी. तिच्या आतल्या अंगाला पेचदार खाचा असतात, स्क्रूच्या आट्यांसारख्या, पण फार लांब पल्ल्याच्या. त्यांच्यामुळे गोळी स्वतःभोवती गरगर फिरत बाहेर पडते, आणि फिरणारा भोवरा जसा उभा राहतो तशी ती हवेत डगमगत नाही. दुसरा भाग यंत्राचा : काडतूस नळीत सारणारा, मागून दार बंद करणारा आणि बार झाल्यावर काडतुसाचं रिकामं पितळी टोपण बाहेर फेकणारा. आजच्या बहुतेक शिकारी रायफलींत हे काम दाराच्या कडीसारखा मागेपुढे सरकणारा बोल्ट करतो. तिसरा भाग दस्ता, म्हणजे खांद्याला टेकवायचं आणि हातात धरायचं लाकूड.

नेम कसा मोजतात? शंभर यार्डांवर, म्हणजे साधारण एक्क्याण्णव मीटरवर, कागद लावतात. रायफल टेकूवर ठेवून तीन किंवा पाच बार काढतात आणि छिद्रं एकमेकांपासून किती लांब पडली ते पाहतात. त्या सगळ्या छिद्रांचा पसारा एका इंचात मावला तर रायफल उत्तम. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत कारखान्यातून आलेली शिकारी रायफल दीड-दोन इंचांत मारत असेल तर मालक खूश असे. हरणाच्या शिकारीला तेवढं पुरतंही.

आता १९६४ ची गोष्ट.

अमेरिकेत कनेटिकट राज्यातल्या न्यू हेवन शहरात विंचेस्टर कंपनीचा कारखाना होता. १९३६ पासून तिथे मॉडेल ७० नावाची रायफल बनू लागली. हिचं यंत्र जर्मन पॉल माउझरच्या १८९८ च्या रचनेवरून स्फूर्ती घेतलेलं. घडाई केलेल्या पोलादाच्या ठोकळ्यातून एकामागून एक मिलिंग करत, म्हणजे फिरत्या कटरने धातू कापत, ते कोरून काढायचं, दस्ता अक्रोडाचा, आणि पकडीच्या जागी हाताने कापलेली बारीक चौकड्यांची नक्षी. या नक्षीला चेकरिंग म्हणतात. ती शोभेसाठी नाही, घामेजलेला किंवा पावसाने भिजलेला हात सरकू नये म्हणून आहे, पण नीट कापली तर शोभतेही. १९६३ पर्यंत अशा सुमारे ५,८०,००० रायफली बनल्या. अमेरिकन शिकाऱ्यांनी तिला 'रायफलवाल्याची रायफल' असं कौतुकाचं नाव दिलं होतं.

पण दुसऱ्या महायुद्धानंतर मजुरी वाढली. जे यंत्र बनवायला इतके हात आणि इतकी मिलिंग लागतात, ते त्या किमतीत विकणं परवडेना. १९६४ साली कंपनीने मॉडेल ७० चं नाव तेच ठेवून आतली रचना बदलली. माउझर पद्धतीच्या बोल्टला एक लांब पंजा असतो. काडतूस मॅगझिनमधून, म्हणजे काडतुसांच्या कप्प्यातून, वर येतानाच हा पंजा त्याची कड पकडतो आणि ते बाहेर फेकलं जाईपर्यंत सोडत नाही. लहान मुलाचं बोट धरून रस्ता ओलांडावा तसं. नव्या रचनेत बोल्ट काडतुसाला नुसता पुढे ढकलतो आणि दार बंद होताना एक छोटी आकडी त्याच्या कडेवर बसते. हे बनवायला सोपं. शिवाय काही भाग कोरण्याऐवजी पत्र्यातून ठोकून काढले. आणि सगळ्यांत डोळ्यांवर येणारी गोष्ट म्हणजे चेकरिंग. ते आता कापत नव्हते, छाप दाबून लाकडावर उमटवत होते, बिस्किटावर नक्षी उमटवतात तसं. नळी आणि लाकूड यांच्यामध्ये मोठी फटही दिसू लागली.

लोक खवळले. नव्या रायफलीचं नाव वाईट झालं आणि जुन्या, वापरलेल्या रायफलींच्या किमती चढू लागल्या. 'प्री-सिक्स्टी-फोर', म्हणजे चौसष्टच्या आधीची, हा शब्द बंदुकांच्या बाजारात दर्जाचं माप झाला. आजही जुन्या मॉडेल ७० च्या जाहिरातीत हे दोन शब्द सगळ्यांत आधी येतात.

इथे मला थोडं थांबायचं आहे, कारण ही गोष्ट नेहमी अर्धीच सांगितली जाते. चौसष्टनंतरची रायफल नेमात वाईट नव्हती. किंबहुना तिचा बोल्ट काडतुसाच्या बुडाला सगळीकडून वेढून घेत असे, ही सुरक्षेच्या दृष्टीने जमेची बाजू होती. आणि चौसष्टच्या आधीच्या शेवटच्या काही वर्षांतलं काम कारखान्यातल्या झिजलेल्या अवजारांमुळे ढिलं पडत चाललं होतं. पंजा धरून ठेवणाऱ्या बोल्टचा खरा उपयोग अंगावर येणाऱ्या जनावरासमोर, घाईत, रायफल वेडीवाकडी धरलेली असताना होतो. पेनसिल्व्हेनियात वर्षाला एखादं हरीण मारणाऱ्या माणसाला त्याची गरज क्वचितच पडली असती. मग राग कसला?

मला वाटतं, राग त्या दाबलेल्या चेकरिंगचा होता. बोल्टच्या आत काय आहे हे सामान्य गिऱ्हाईक पाहत नाही. पण नक्षी त्याच्या तळहाताखाली असते. ती छापाची आहे हे बोटांना पहिल्या स्पर्शात कळतं. आणि जिथे दिसतं तिथे यांनी असं केलं, तर जिथे दिसत नाही तिथे काय केलं असेल, हा विचार मनात येतोच. टूलरूममध्ये आम्ही जॉब पाहायला घेतला की मापाआधी कडा पाहायचो. कडेवरचा बर, म्हणजे कापताना उरलेला धारदार कंगोरा, काढलेला नसेल तर मापही पुन्हा तपासायचं. तो अन्याय नव्हता, तो अनुभव होता. कंपनीच्या हिशेबनिसांनी गिऱ्हाइकाच्या या शहाणपणाला कमी लेखलं.

पुढे कंपनीने चुका दुरुस्त केल्या. नक्षी पुन्हा कापली जाऊ लागली आणि १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला तो लांब पंजाही परत आला. पण तोवर संगणकावर चालणारी मिलिंग मशीन आली होती. १९६४ मध्ये जे कोरणं परवडत नव्हतं, ते आता मशीन रात्रभर न थकता कोरत होतं. न्यू हेवनचा कारखाना २००६ मध्ये कायमचा बंद झाला. नंतर मॉडेल ७० आधी साउथ कॅरोलायनात बनली आणि पुढे तिची जुळणी पोर्तुगालमध्ये होऊ लागली. आजची मॉडेल ७० मोजमापाने जुनीपेक्षा काटेकोर आहे असं म्हणणारे बरेच आहेत. तरी जुनीची किंमत उतरलेली नाही.

स्वस्त रायफल सरळ कशी मारू लागली

विंचेस्टरची ही फजिती होण्याच्या आधीपासूनच इतर कंपन्यांनी वेगळा रस्ता धरला होता. रचना आहे तशी ठेवून काम कमी करण्यापेक्षा, कमी कामात बनेल अशी रचनाच त्यांनी मुळापासून केली. दोन्हींत जमीन-अस्मानाचा फरक आहे.

रेमिंग्टन कंपनीने १९४८ मध्ये यंत्राचा सांगाडा, म्हणजे बोल्ट ज्यात सरकतो तो भाग, गोल सळईतून लेथवर काढला. माउझरसारख्या सांगाड्याच्या पोटाशी धक्का झेलणारा एक जाड कान असतो, तो त्याच ठोकळ्यातून कोरावा लागतो. रेमिंग्टनने त्याऐवजी एक जाड वॉशर घेतला आणि तो नळी व सांगाडा यांच्यामध्ये आवळला. लेथवर काम केलेल्या कोणालाही विचारा : गोल वस्तू स्वस्त पडते आणि एककेंद्री होते. याच घराण्यातली मॉडेल ७०० ही रायफल १९६२ मध्ये आली आणि प्रचंड खपली.

माझ्या मते सगळ्यांत सुंदर युक्ती मात्र सॅव्हेज कंपनीची. १९५८ ची, निकोलस ब्रूअर नावाच्या अभियंत्याची. ती समजण्यासाठी हेडस्पेस म्हणजे काय ते पाहू. काडतूस नळीत शिरतं आणि पुढे एका जागी अडतं. मागून बोल्ट बंद होतो. या दोन टोकांमधली जागा काडतुसाच्या मापाची हवी. कमी पडली तर बोल्ट बंद होणार नाही. जास्त झाली तर बार होताना पितळी टोपण ताणलं जाईल, फाटेलही, आणि गरम वायू नेमबाजाच्या तोंडावर येऊ शकेल. म्हणून ही जागा इंचाच्या हजाराव्या भागांत सांभाळावी लागते. जुन्या पद्धतीत कारागीर नळी सांगाड्यात घट्ट आवळे, गेज, म्हणजे काडतुसाच्या नेमक्या मापाचा पोलादी तुकडा, घालून पाही, मग रीमर नावाच्या कापणाऱ्या अवजाराने आतून किंचित खरवडे, पुन्हा गेज. मन लावून, सावकाश, कसबी माणसाने करायचं काम.

ब्रूअरने नळीवर लांब आटे पाडले आणि त्यावर एक मोठा नट चढवला. गेज आत ठेवायचं, बोल्ट बंद करायचा, नळी हाताने फिरवत गेजला टेकेपर्यंत आत घ्यायची आणि नट आवळून टाकायचा. झालं. लॉकनट! प्रत्येक फिटरला माहीत असलेली गोष्ट. कसबी हाताचा तासाभराचा वेळ एका नटाने वाचवला, आणि माप जुन्यापेक्षा नेमकं येऊ लागलं. दिसायला तो नट कुरूप होता. कित्येक वर्षं शिकारी त्याला हसत होते. पण सॅव्हेजच्या स्वस्त रायफली महागड्यांच्या तोडीस तोड मारत, हे कागदावरची छिद्रं दाखवत होती.

नळीचंही तेच झालं. पूर्वी आतल्या खाचा एका छोट्या आकडीने कापत, दर फेरीला केसाहून कितीतरी पातळ धातू काढत. एका नळीला बराच वेळ जाई. महायुद्धाच्या आसपास जर्मनीत वेगळी पद्धत पुढे आली. नळीच्या आत खाचांचा उलटा छाप असलेला अतिशय कठीण गाभा घालायचा आणि बाहेरून हातोड्यांनी गार पोलाद चहूबाजूंनी ठोकायचं. पोलाद गाभ्याला चिकटतं आणि काही मिनिटांत खाचा उमटतात. आज युरोपातल्या बहुतेक मोठ्या कारखान्यांत नळ्या अशाच बनतात. फिनलंडमधल्या रीहिमाकी गावच्या साको कारखान्यातून २००३ मध्ये टिक्का टी-थ्री आली, अमेरिकेत २०१२ च्या सुमारास रूगरची अमेरिकन नावाची रायफल आली. दोन्हींचे दस्ते प्लास्टिकचे, दोन्ही दिसायला साध्या. पण पन्नास वर्षांपूर्वी खास बनवून घेतलेल्या रायफलीने जे केलं असतं, ते त्या पेटीतून काढल्या काढल्या करतात. वेदरबी कंपनी पूर्वी छिद्रांच्या दीड इंची पसाऱ्याची हमी देत असे. आता तीन गोळ्या शंभर यार्डांवर ०.९९ इंचात पडतील अशी हमी देते.

लाकूड का गेलं

पावसाळ्यात आपल्या घरांची दारं फुगतात. चौकटीत अडकतात, खांद्याने ढकलावी लागतात, दिवाळीपर्यंत पुन्हा सैल होतात. लाकडाच्या दस्त्याचंही तसंच होतं, फक्त तिथे दार अडकण्याऐवजी नळीवर दाब येतो. अगदी थोडा. पण नळी बार होताना तारेसारखी थरथरते, आणि त्या थरथरण्यात एका बाजूने किंचित दाब आला तरी गोळी दुसरीकडे जाते. कोरड्या गावी नेम लावलेली रायफल ओल्या डोंगरात चार बोटं डावीकडे मारू लागते. काजळी लावून बसवलेल्या सुरेख दस्त्यालाही यातून सुटका नाही. उलट लाकूड जितकं घट्ट बसवलेलं, तितका हवामानाचा परिणाम लवकर.

पहिला मोठा प्लास्टिकचा दस्ता रेमिंग्टनचा. ही कंपनी तेव्हा ड्यूपाँ या रसायन उद्योगाच्या मालकीची होती आणि नायलॉन ड्यूपाँचाच शोध. १९५९ मध्ये त्यांनी नायलॉन ६६ नावाची लहान बोअरची, म्हणजे अरुंद नळीची, रायफल काढली. तिची टिंगल झाली, पण ती दहा लाखांहून जास्त विकली गेली. पुढे लक्ष्यवेधाच्या स्पर्धकांनी काचतंतूचे दस्ते वापरायला सुरुवात केली, कारण त्यांना दिसण्यापेक्षा छिद्रांशी मतलब. त्यांच्याकडून ते डोंगरात चढणाऱ्या शिकाऱ्यांकडे आले. मग साच्यात ओतलेलं प्लास्टिक आलं आणि आता दुकानातल्या मांडणीवर लाकूडच शोधावं लागतं.

लाकडाची बाजू घेणाऱ्यांनी याचं उत्तर हवामानात शोधू नये. ते तिथे नाही. उत्तर लाकडातच आहे. उत्तम दस्त्याला लागतो तो इंग्लिश किंवा तुर्की म्हणून ओळखला जाणारा अक्रोड, काश्मीरमध्ये नक्षीकामाला वापरतात त्याच जातीचा. झाड जुनं हवं. फळ्या कापून वर्षानुवर्षं सुकवायच्या. फळीवर दस्ता आखतानाच निम्मं कसब लागतं. खांद्याकडच्या रुंद भागात रेषा हव्या तितक्या वळणदार, धुरासारख्या असू दे, पण मनगटाएवढ्या बारीक पकडीच्या जागी त्या सरळ लांबीच्या दिशेनेच गेल्या पाहिजेत. तिथे आडव्या पडल्या तर मोठ्या बाराच्या धक्क्याने दस्ता तिथेच मोडेल. मग जवसाचं तेल. थेंब थेंब, तळहाताने चोळून, वाळू द्यायचं आणि पुन्हा. विदर्भातल्या स्वयंपाकघरात जवसाची चटणी होते तेच बी, त्याचंच तेल. ते हवेत सुकून कडक होतं, म्हणून लाकडाला चालतं.

आवडीनिवडी

लोकांची आवड मात्र एकाच दिशेने गेली नाही. महायुद्धानंतर कॅलिफोर्नियात रॉय वेदरबीने अतिशय वेगवान गोळ्यांच्या रायफली विकायला काढल्या. त्यांचं रूपही तसंच : आरशासारखा चकचकीत दस्ता, गालाशी उंचवटा, टोकाला काळसर लाकडाचा तुकडा आणि मध्ये पांढऱ्या पट्ट्या. क्रोमच्या पट्ट्या मिरवणाऱ्या मोटारींचा तो काळ. बऱ्याच कंपन्यांनी त्या थाटाची नक्कल केली.

मग लंबक परत फिरला. १९६८ मध्ये बिल रूगरने मॉडेल ७७ आणली. तिचा दस्ता लेनर्ड ब्राउनेल या नामांकित कारागिराने आखलेला : सरळ, संयत, तेलकट मंद चमकेचा, कापलेल्या चेकरिंगचा. लोकांना हेच हवं होतं. आणि गंमत अशी की आतलं यंत्र ओतीव होतं! मेणाची प्रतिकृती करायची, तिच्यावर मातीसारखं आवरण चढवायचं, मेण वितळवून काढायचं आणि त्या पोकळीत पोलाद ओतायचं. आपले मूर्तिकार ज्याला मधुच्छिष्ट विधान म्हणत तीच ही पद्धत. विंचेस्टरने चार वर्षांपूर्वी जिथे हात लागतो तिथे काटकसर केली होती. रूगरने ती पोटात केली आणि हात लागतो तिथे मन लावून काम केलं.

आजचा तरुण अमेरिकन खरेदीदार पुन्हा वेगळा आहे. त्याला लांबवर अचूक मारायचं असतं. २००७ मध्ये आलेलं ६.५ क्रीडमूर हे काडतूस त्याच्या आवडीचं, कारण त्याची लांबट गोळी हवेत कमी मंदावते आणि खांद्याला धक्काही बेताचा बसतो. नळीच्या तोंडाला आवाज दाबणारं उपकरण बसवण्यासाठी आटे, दस्त्याऐवजी ॲल्युमिनियमची चौकट, नळीवर कार्बनतंतूचं वेष्टण, आणि बऱ्याचदा रायफलीपेक्षा महाग दुर्बीण. वडिलांच्या पिढीने लाकडाला दिलेले पैसे तो भिंगांना देतो. याला अभिरुचीचा ऱ्हास म्हणणं मला पटत नाही. चांगल्या दुर्बिणीतही कोणाचं तरी कसब असतं, ते फक्त दुसऱ्या कारखान्यात बसलेलं असतं.

जिथे अजून हात लागतो

भारताचा या बाजाराशी एके काळी थेट संबंध होता, आणि तो केवळ गिऱ्हाइकाचा नव्हता. ब्रिटिश बंदूककार संस्थानिकांसाठी आणि साहेबांसाठी रायफली बनवत तेव्हा आपली हवा त्यांच्या हिशेबात असे. कॉर्डाइट नावाची धूर न करणारी दारू उन्हात तापली की जास्त दाब निर्माण करी, आणि रिकामं टोपण नळीत अडकून बसे. समोर वाघ आणि बंदूक अडकलेली, ही चैन कोणाला परवडणार? म्हणून हत्ती-वाघासाठीची मोठी काडतुसं मुद्दाम ऐसपैस टोपणांची आणि कमी दाबाची केली गेली. १९०७ च्या सुमारास सरकारने भारतात .४५० बोअरवर बंदी घातली, कारण त्या मापाच्या गोळ्या बंडखोरांच्या हाती लागून जुन्या मार्टिनी-हेन्री रायफलींत वापरल्या जातील ही धास्ती. बंदूककारांनी लगेच .४६५, .४७०, .४७६ अशी मापं काढली. लष्करी .३०३ काडतूस नागरिकांना निषिद्ध, म्हणून .३१५ बोअर रुजला, आणि स्वातंत्र्यानंतरही ईशापूरच्या सरकारी कारखान्यात त्याच्या रायफली बनत राहिल्या. आवड म्हणून आपण जिच्याकडे पाहतो ती पुष्कळदा अशी एखाद्या सरकारी आदेशातून जन्मलेली असते.

जिम कॉर्बेटने १९०७ मध्ये चंपावतची नरभक्षक वाघीण मारली. तिच्या नावावर ४३६ बळींची नोंद होती. संयुक्त प्रांताचे लेफ्टनंट गव्हर्नर ह्यूएट यांनी त्याला लंडनच्या रिग्बी कंपनीची .२७५ बोअरची रायफल भेट दिली. यंत्र माउझरचं, दस्त्यावर मजकूर कोरलेली चांदीची पट्टी. २०१५ मध्ये ही रायफल पुन्हा रिग्बीकडे गेली आणि पुढच्या वर्षी भारतात आणून दाखवली गेली. ती राजेशाही वस्तू नव्हती, कामाची रायफल होती. छायाचित्रांतही तिचा साधेपणा जाणवतो, आणि शंभर वर्षांहून जास्त काळ लोटला तरी लाकूड आणि पोलादामधली रेघ रेघच आहे. कोल्हापूरच्या न्यू पॅलेसमधल्या संग्रहालयात शिकारीची हत्यारं आणि पेंढा भरलेली जनावरं आहेत. तिथे गेलात तर जनावरांवरून नजर हटवून दस्त्यांकडेही पाहा.

आज हे असं हाताचं काम करणारी घरं थोडी उरली आहेत : लंडन आणि बर्मिंगहॅममध्ये, ऑस्ट्रियातल्या फेरलाख गावात, जर्मनीतल्या झूलमध्ये. त्यांतली काही आता चैनीच्या वस्तूंच्या व्यवसायात मोडतात. १८१४ पासूनची पर्डी कंपनी १९९४ मध्ये घड्याळं-दागिन्यांच्या रिशमाँ समूहाने घेतली. हॉलंड अँड हॉलंड १९८९ पासून तीन दशकं अत्तरांच्या शॅनेलकडे होती, २०२१ मध्ये ती इटलीच्या बेरेट्टाने घेतली. नेमासाठी हात लागत नाही म्हटल्यावर हाताला दागिन्याचा भाव आला.

पण एक काम अजूनही नेमासाठीच हाताने होतं, आणि ते मला या सगळ्यात सर्वांत मोलाचं वाटतं. दुनळी रायफलीत दोन नळ्या शेजारी-शेजारी असतात आणि दोन्हींनी एकाच ठिकाणी मारायचं असतं. वाटतं, नळ्या समांतर ठेवल्या की झालं. तसं होत नाही. उजवी नळी मध्यापासून थोडी बाजूला असते, त्यामुळे तिचा बार होताना रायफल वर आणि उजवीकडे झटका खाते, डावीचा होताना डावीकडे. गोळी नळीतून बाहेर पडायच्या आतच हा झटका सुरू झालेला असतो. म्हणून नळ्या पुढच्या टोकाशी किंचित जवळ आणाव्या लागतात. किती, ते काडतूस, गोळीचं वजन, रायफलीचं वजन या सगळ्यांवर ठरतं, आणि आकडेमोडीतून फक्त अंदाज मिळतो.

म्हणून नळ्या आधी तात्पुरत्या झाळून जोडतात, तोंडाशी दोन्हींच्या मध्ये एक छोटी पाचर ठेवतात. ही रायफल घेऊन एक माणूस मैदानात जातो. उजवीचा बार, डावीचा बार, पुन्हा उजवी, पुन्हा डावी. कागदावर छिद्रांचे दोन पुंजके दिसतात, कधी फाकलेले, कधी एकमेकांना ओलांडून गेलेले. तो परत येतो, झाळ तापवून सैल करतो, पाचर केसभर पुढे किंवा मागे सरकवतो, गार होऊ देतो आणि पुन्हा मैदानात जातो. नळ्या गार व्हायची वाट पाहावीच लागते, कारण तापलेली नळी वेगळीकडे मारते. प्रत्येक मोठ्या बाराचा धक्का त्याच्या खांद्यालाच बसतो. दोन पुंजके एकात मिसळले की नळ्यांमधली पट्टी पक्की झाळतात आणि कोणत्या काडतुसावर हे जुळवलं आहे ते नोंदवून ठेवतात. दुसऱ्या वजनाची गोळी घातली तर ते जुळणं मोडतं.

हातातलं काडतूस शिशाच्या गोळीचं की तांब्याच्या, हेही इथे पाहावं लागतं. शिशामुळे गिधाडांना आणि इतर पक्ष्यांना विषबाधा होते म्हणून कॅलिफोर्नियाने २०१९ मध्ये आणि डेन्मार्कने २०२४ मध्ये शिकारीत शिशाच्या गोळ्या बंद केल्या. तांबं शिशापेक्षा हलकं, त्यामुळे तेवढ्याच वजनाची गोळी लांब होते आणि नळीत वेगळी वागते. आजोबांच्या काळात शिशावर जुळवलेली दुनळी आता तांब्यावर चालवायची, तर आधी कागदावर मारून पाहायचं. पुंजके फाकले असतील तर नळ्यांची झाळ पुन्हा उकलायची, पाचर सरकवायची आणि मैदानात जायचं.